गाडीचा ताप

माणसाला ताप येतो, म्हशीला येतो, परीक्षेच्या दिवशी शाळकरी मुलांना तर हमखास येतो. पण मोटारीच्या गिअरबॉक्सलाही ताप येतो आणि तो उतरवायला त्याला वेगळा वारा घालावा लागतो, हे ज्ञान मला वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट गावी, चिरंजिवांच्या घरापुढच्या सिमेंटवर पालथे पडले असताना झाले. ज्ञान व्हावे म्हणून लोक झाडाखाली बसतात. आमच्या नशिबी मिनिव्हॅन होती.

तशी मोटारीची आणि माझी ओळख जुनी. १९८२ साली बँकेचे कर्ज काढून मी एक सेकंडहँड गाडी घेतली होती. रंग फिकट निळा, म्हणून घरात तिचे नाव 'निळी'. पुढची कित्येक वर्षे मी ती चालवली, असे मी सांगतो. ढकलली, असे आमची ही सांगते. दोन्ही विधानांत तथ्य आहे. त्या काळी गाडी घेणारा माणूस सहा महिन्यांत अर्धा मेकॅनिक होत असे आणि उरलेला अर्धा कोपऱ्यावरच्या गॅरेजातून बोलावून आणत असे. निळीला क्लच होता, स्टिअरिंगच्या बाजूला गिअरचा दांडा होता, आणि गिअर कधी बदलायचा हे ठरवायला मी होतो. चिरंजिवांच्या व्हॅनमध्येही दांडा स्टिअरिंगपाशीच आहे. क्लचला आणि मला मात्र कायमची रजा दिलेली आहे.

रजा हा शब्द मी विचार करून वापरतो. निवृत्त आईबापांनी सहा महिने मुलाकडे अमेरिकेला जाऊन राहणे हे आता आपल्याकडे चातुर्मासासारखे व्रत झाले आहे. घर मोठे असते, फ्रीज भरलेला असतो आणि रस्त्यावर चिटपाखरू नसते. सकाळी बागेत चक्कर मारायची, बाकावरच्या तेलुगू, गुजराती, पंजाबी आजोबांशी हिंदीत पेन्शनीबद्दल बोलायचे, आणि घरी येऊन नळ कुठल्या बाजूला फिरवला की गरम पाणी येते याचा अभ्यास करायचा. आमच्या हिने पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघर ताब्यात घेतले. मला ताब्यात घ्यायला काही उरले नाही. मिक्सर बिघडला तर दुरुस्त करायचा नाही, नवा येतो. दिवे जात नाहीत. दारे कुरकुरत नाहीत. पुण्याहून नेलेला माझा स्क्रू-ड्रायव्हर दीड महिना बॅगेतून बाहेर आला नव्हता.

चिरंजीव दिवसभर कानाला यंत्र लावून पडद्याशी बोलत. संध्याकाळी जिना उतरून आले की मला तीन प्रश्न विचारत : "जेवलात का? गोळ्या घेतल्या का? एसी वाढवू का?" मी तिन्हींना "हो" म्हणत असे. कधी ते क्रम बदलून विचारत; उत्तर बदलायची गरज पडत नसे. भांडण नव्हते, अबोलाही नव्हता. पंचेचाळिशीच्या मुलाशी बापाने बोलायचे तरी काय? त्याच्या कामातले मला कळत नाही आणि माझ्या कामातले आता मलाही आठवत नाही.

अशात जुलै महिन्यात लेक टाहोला जायचे ठरले. चिरंजिवांच्या एका मित्राकडे घडीच्या तंबूचा ट्रेलर होता. रस्त्याने जाताना तो चाके लावलेल्या पेटाऱ्यासारखा दिसतो. मुक्कामाला पोचून हँडल फिरवले की त्यातून पलंग, ओटा, शेगडी असा सगळा संसार वर येतो. भरल्यावर वजन सुमारे ९०० किलो. तो ओढणार आमची मिनिव्हॅन. मिनिव्हॅन ही मोटारींतली एक निराळीच जात आहे. क्रायस्लर कंपनीने १९८४ सालच्या मॉडेलपासून ती अमेरिकेत रूढ केली. बाहेरून फुगलेली मोटार, आतून एस.टी. : तीन रांगा, सरकते दार, आणि सीटांच्या फटीत मुलांनी सांडलेले चिवड्याचे ऐतिहासिक थर. आमची व्हॅन वीस वर्षांची, दीड लाख मैल धावलेली. तिच्या कंपनीचे नाव सांगत नाही; बिचारी अजून त्याच घरात नांदते आहे.

गाडीच्या पुस्तकात बारीक अक्षरात लिहिले होते की, एवढे वजन ओढायचे असेल तर ट्रान्समिशनच्या तेलासाठी जादा कूलर बसवून घ्यावा. बारीक अक्षरातला मजकूर मी सोडत नाही. विम्यातून वगळलेले आजार त्यातच असतात.

शिवाय चढ काही साधासुधा नव्हे. सॅक्रामेंटो शहर जवळजवळ समुद्रसपाटीला आहे. तिथून दीडशेएक किलोमीटरांत हमरस्ता डॉनर खिंडीजवळ ७,२३९ फुटांवर जातो. म्हणजे २,२०० मीटर. आपली कळसूबाई १,६४६ मीटर. महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच शिखरावर सहा माणसे, एक ट्रेलर आणि लोणच्याची बरणी घेऊन मोटारीने चढायचे, आणि तिथे पोचल्यावर आणखी साडेपाचशे मीटर चढायचे, असा तो बेत होता. ज्या डॉनर मंडळींचे नाव त्या खिंडीला आहे, ती १८४६ च्या हिवाळ्यात तिथल्या बर्फात अडकली आणि त्यांतली जवळजवळ निम्मी माणसे दगावली. उरलेल्यांनी काय खाऊन दिवस काढले ते इथे लिहीत नाही. पुष्कळ लोक जेवताना वाचतात. ही सगळी हकीकत सूनबाईंनी रात्री टेबलावर उत्साहाने सांगितली.

"गाडी कुठली होती त्यांची?" आमच्या हिने विचारले.

"आई, बैलगाड्या होत्या हो."

"मग बैलांना नव्हता ना लागत कूलर!"

मुळात गिअरबॉक्सला ताप का यावा, हे चिरंजिवांनी मला समजावून दिले. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये असेच दोन पंखे असतात, फक्त वाऱ्याच्या जागी तेल. इंजिन एक पंखा फिरवते, तो तेल फेकतो, तेल दुसऱ्याला फिरवते आणि गाडी चालू लागते. जनरल मोटर्सने १९३९ साली ओल्ड्समोबिल गाड्यांत असा आपोआप बदलणारा गिअर विकायला काढला, तेव्हापासून अमेरिकेतला डावा पाय हळूहळू बेकार होत गेला. (त्याची आणि माझी स्थिती सारखीच. पण तो विषय वेगळा.)

सपाट रस्त्यावर हे दोन्ही पंखे जवळजवळ सारख्या वेगाने फिरतात. शिवाय आत एक खिट्टी असते, ती दोघांना जखडून टाकते. चढ लागला, ओझे वाढले, की खिट्टी सुटते. मग पुढचा पंखा जिवाच्या आकांताने तेल फेकतो आणि मागचा सरकारी कचेरीतल्या फायलीसारखा सावकाश हलतो. दोघांच्या वेगात जेवढा फरक, तेवढे तेलाचे ताक. तेल घुसळून घुसळून तापते. ऐंशी-नव्वद अंश सेल्सिअसपर्यंत त्याची तक्रार नसते. पुढे मात्र दर अकरा अंशांना तेलाचे आयुष्य निम्मे, असा मेकॅनिक मंडळींचा ठोकताळा आहे. लालभडक तेल तपकिरी होते, त्याला करपलेल्या फोडणीसारखा वास येतो, आतल्या चकत्या घसरू लागतात, आणि एके दिवशी ऐन घाटात गाडी ठरवते की, पुरे झाले, आता इथेच राहू. चिरंजिवांच्या एका मित्राच्या व्हॅनने मागल्या वर्षी असेच ठरवले होते. नवा गिअरबॉक्स साडेचार हजार डॉलर. मी मनातल्या मनात त्याचे रुपये केले आणि पाणी प्यालो.

हे तेल म्हणजे काही खोबरेल नव्हे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत त्यात देवमाशाचे तेल मिसळत असत. पुढे देवमाशांच्या रक्षणाचे कायदे झाले, ते तेल बंद पडले आणि रसायनवाल्यांना दुसरे काहीतरी शोधावे लागले. ही माहिती मी स्वयंपाकघरात जाऊन सांगितली. आषाढी एकादशी होती. ही साबुदाण्याला दाण्याचे कूट लावत होती.

"म्हणजे पूर्वीच्या गाड्या मांसाहारी होत्या?"

"तसंच म्हणायचं."

"आणि ही?"

"हिला चालतं उपासाला."

तेव्हा कुठे तिचा हात पुन्हा साबुदाण्यात गेला.

आता तुम्ही म्हणाल, कंपनीने तेल गार करायची काहीच सोय केलेली नसते का? असते. तेलाची नळी रेडिएटरच्या टाकीतून फिरवून आणलेली असते. पण रेडिएटरमधले पाणीच नव्वद अंशांचे. त्याने तेल गार करायचे म्हणजे तापलेल्या जावयाची समजूत घालायला तापलेल्या सासऱ्याला पाठवण्यासारखे. म्हणून रेडिएटरमधून बाहेर पडलेले तेल परत गिअरबॉक्सकडे जायच्या आधी आणखी एका जाळीतून न्यायचे, आणि ती जाळी गाडीच्या अगदी नाकाशी, वारा खात बसेल अशी लावायची. रेडिएटरला वगळायचे नाही. हिवाळ्यात तेल गारठून घट्ट होते तेव्हा त्याला ऊब हाच देतो. म्हणजे सासरेबुवांना अगदीच अडगळीत टाकायचे नाही. हा भाग मला विशेष पटला.

चिरंजिवांनी आणखी एक भीती घातली. रेडिएटरच्या पोटातली ती तेलाची नळी कधी कुजली, तर पाणी आणि लाल तेल एकमेकांत मिसळून थेट गुलाबी मस्तानी तयार होते. दिसायला इतकी सुरेख की वर आइस्क्रीमचा गोळा ठेवावा. पण ती गिअरबॉक्समध्ये गेली की गिअरबॉक्स आटोपला. आम्ही रेडिएटरचे झाकण उघडून पाहिले. मस्तानी नव्हती.

कूलरची किंमत ऐंशी डॉलर. बसवायचे गॅरेजवाल्याने सांगितले साडेतीनशे. "मीच बसवतो," चिरंजीव म्हणाले, आणि घरात शांतता पसरली.

"अरे, दिवाळीत तू पुस्तकांचं कपाट जोडलंस तेव्हा तीन स्क्रू उरले होते," सूनबाई म्हणाल्या.

"ते जास्तीचेच देतात."

शनिवारी सकाळी खोका उघडला. आत जाड पोथीएवढी ॲल्युमिनियमची जाळी, हातभर रबरी नळी, क्लॅम्पची पुरचुंडी आणि प्लॅस्टिकच्या चार लांब सुया. या सुया रेडिएटरच्या जाळीतून आरपार घालायच्या आणि बटण टाचावे तसा कूलर रेडिएटरला टाचायचा, असे कागदावर चित्र होते. मी चित्र पाहिले. दीड महिना मी या घरात कशालाही नाही म्हटले नव्हते.

"हे नको," मी म्हणालो. "गाडी हादरणार, जाळी हलणार, या सुया घासून घासून रेडिएटरलाच भोक पाडतील. पट्टी मार, पट्टी. लोखंडी."

चिरंजिवांनी वर पाहिले. "मलाही ते बरोबर वाटत नव्हतं. पण पट्टी थरथरेल की."

"खाली रबर घालायचं."

"रबर कुठून आणू?"

नातवाच्या सायकलची फाटकी ट्यूब गॅरेजच्या कोपऱ्यात पडलेली मी पहिल्या आठवड्यातच हेरून ठेवली होती. फाटक्या ट्यूबवर नजर असणे हा आमच्या पिढीचा गुण आहे. मी वर जाऊन बॅगेतून स्क्रू-ड्रायव्हर आणला.

पुढचा बंपर उतरवल्यावर गाडी कवळी काढलेल्या आजोबांसारखी दिसू लागली. गिअरबॉक्स आणि रेडिएटर यांच्यामध्ये दोन नळ्या. एकीतून तापलेले तेल रेडिएटरकडे जाते, दुसरीतून परत येते. कूलर जोडायचा तो परतीच्या नळीत. उलटे झाले तर कूलरने गार केलेले तेल रेडिएटर पुन्हा तापवणार, म्हणजे एकाने न्हाऊ घालायचे आणि दुसऱ्याने चिखलात बसवायचे. पण परतीची कुठली? गाडी गावातून फिरवून आणली आणि मी आमच्या हिला बाहेर बोलावले. पन्नास वर्षे ही बाई तव्यावर हात न टेकता तव्याचा अंदाज घेते आहे. तिने दोन्ही नळ्यांपासून बोटभर अंतरावर हात फिरवला. "ही जास्त कढत," ती म्हणाली आणि पदराला हात पुसत आत गेली. चिरंजिवांनी मग पिस्तुलासारखे एक यंत्र रोखून दोन्हींचे अंश मोजले. हिचेच बरोबर निघाले.

गाडी गार झाल्यावर चिरंजीव खाली शिरले. माझ्याकडे बॅटरी धरायचे काम आले.

"बाबा, बॅटरी नीट धरा. उजेड माझ्या डोळ्यांवर नको, नळीवर पाहिजे."

वाक्य ओळखीचे होते. १९८६-८७ साली सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या बोळात, रविवारी, हेच वाक्य मी आठ वर्षांच्या एका मुलाला उद्देशून म्हणत असे. त्यात फक्त 'बाबा'च्या जागी 'गाढवा' आणि 'धरा'च्या जागी 'धर' असे. त्यालाही आठवले की काय कोण जाणे. गाडीखालून हसल्यासारखा आवाज आला.

"खंबाटकीत ओला पंचा बांधायचो आपण निळीला," तो म्हणाला.

बांधायचोच. उन्हाळ्यात कोल्हापूरला निघालो की शिरवळला पाणी भरून घ्यायचे. घाटात इंजिनाच्या धगीने पेट्रोलच्या पंपात पेट्रोलची वाफ होई आणि गाडी आचके देऊन उभी राही. मग बॉनेट उघडून पंपावर ओला पंचा गुंडाळायचा, मुलांनी दगड शोधून चाकामागे लावायचे, आणि आमच्या हिने एका झाडाखाली डबा उघडायचा. वीस मिनिटांनी निळी चालू. एकदा घाईत पंच्याऐवजी हिचा नवा टॉवेल गेला होता. तो विषय अजून वर्षातून एकदा तरी निघतो.

"म्हणजे तोही जादा कूलरच की," चिरंजीव म्हणाले.

"आणि बसवायला साडेतीनशे डॉलर पडत नव्हते."

मग खंबाटकीवरून पसरणीचा घाट निघाला, पसरणीवरून पाचगणीला पंक्चर काढून देणारा म्हातारा निघाला, त्या म्हाताऱ्याने आम्हांला पाजलेला चहा निघाला. दीड महिन्यात बोललो नव्हतो एवढे आम्ही अर्ध्या तासात बोललो, आणि तेही एकमेकांचे तोंड न बघता. त्याचे तोंड गाडीखाली होते आणि माझे सिमेंटवर.

"निळी चालू होते का हो अजून?" त्याने विचारले. "कार्ब्युरेटर साफ केला तर होईल. पुढच्या खेपेला आलो की दोघं मिळून काढू या."

मी बॅटरी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"विकली," मी म्हणालो.

"कधी?"

"फेब्रुवारीत. सोसायटीत जागेवरून रोज कुरकुर. पासिंग संपलेलं. आणि मोतीबिंदू काढल्यापासून मी रात्री चालवतच नव्हतो."

"कोणी घेतली?"

"भंगारवाल्याने."

"केवढ्याला?"

"किलोवर."

गाडीखालून पान्याचा आवाज बराच वेळ आला नाही. शेजारच्या अंगणातला पाण्याचा फवारा आपोआप सुरू झाला आणि आपोआप बंद झाला.

"सांगितलं नाहीत," तो म्हणाला.

त्याच्या तीन प्रश्नांत ते बसत नव्हते, हे माझ्या अगदी जिभेवर आले होते. मी बॅटरी नळीवर धरली.

"गिअरच्या दांड्याची मूठ तरी काढून ठेवायची."

"ठेवली आहे. देवघराच्या खणात."

"आठ नंबरचा पाना द्या," तो म्हणाला. मी दिला.

त्या पान्याने क्लॅम्प सैल झाला आणि नळीत अडून बसलेले तेल भसकन बाहेर आले. ट्रान्समिशनचे तेल लाल असते हे मी वर म्हटले आहे. किती लाल, ते अंगावर उडाल्याशिवाय कळत नाही. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत रंगले. सिमेंटच्या उतारावरून एक लाल ओघळ सावकाश रस्त्याकडे निघाला. नेमक्या त्याच वेळी समोरून एक बाई कुत्र्याला घेऊन चालल्या होत्या. त्यांना दिसले ते असे : गाडीखालून बाहेर आलेले दोन निश्चल पाय, त्यांच्यापाशी गुडघ्यावर बसलेला लाल हातांचा म्हातारा, आणि लाल ओघळ. सगळे ठीक आहे ना, असे त्यांनी लांबूनच इंग्रजीत विचारले. मी पायांकडे बोट दाखवून म्हटले, "माय सन."

या उत्तराने त्यांना धीर आल्यासारखे दिसले नाही. फोन हातात निघाला होता. तेवढ्यात नात धावत बाहेर आली आणि तिने तिच्या इंग्रजीत काहीतरी सांगितले. पायांनीही हलून दुजोरा दिला. "आजोबा, तू बोलू नको ना लोकांशी," नात मला म्हणाली. तिच्या मराठीत 'तुम्ही' हा शब्द अजून आयात झालेला नाही.

ओघळावर मांजरांच्या संडासासाठी मिळणारी माती टाकून तो टिपून घेतला. दुपारपर्यंत कूलर बसला. पट्ट्या घट्ट, खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे, नळीला कुठे पीळ नाही, की गरम भागाला ती टेकलेली नाही. नळीही साधी पेट्रोलची नव्हे, तेलाची खास. सांडले तेवढे आणि कूलरच्या पोटात मावले तेवढे तेल मोजून वर भरले, इंजिन चालू ठेवून काडीने पातळी बघितली. एकही स्क्रू उरला नाही. सूनबाई दोनदा येऊन पाहून गेल्या. रात्री गाडीच्या नाकाखाली पांढरा पुठ्ठा पसरून ठेवला. सकाळी सहाला मी चहाच्या आधीच बाहेर गेलो, तर चिरंजीव तिथे पुठ्ठा हातात घेऊन उभे. पुठ्ठा कोरा होता. आम्ही तो उलटूनही पाहिला.

पुढच्या शुक्रवारी निघालो. चिरंजिवांनी हौसेने तेलाचा ताप दाखवणारे एक लहानसे घड्याळ समोर बसवले होते. ऑबर्न गाव मागे पडल्यावर काटा १९० वर गेला आणि मागच्या रांगेतून आमच्या हिचा आवाज आला, "अहो, एकशे नव्वद ताप!"

"आजी, ते फॅरेनहाइट आहे," नातू म्हणाला.

"माझा थर्मामीटरसुद्धा फॅरेनहाइटच आहे रे. एकशे चारला आम्ही मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवतो!"

एकशे नव्वद फॅरेनहाइट म्हणजे अठ्ठ्याऐंशी सेल्सिअस, गिअरबॉक्सच्या हिशेबाने ठणठणीत प्रकृती, हे तिला पटवून देईपर्यंत कोलफॅक्स आले. पुढे चढ अंगावर येऊ लागला. गाडी एकदा वरच्या गिअरमध्ये जाई, दमली की खालच्यात येई, पुन्हा वर जाई. धड इकडे नाही, धड तिकडे नाही. काटा दोनशेकडे सरकला.

"खालचा टाकून ठेव," मी म्हणालो.

"बाबा, ऑटोमॅटिक आहे. ती आपलं आपण ठरवते."

"तिला पुढचा चढ दिसतो का? तुला दिसतो. दांडा खाली ओढ आणि राहू दे तिथे."

त्याने दांडा ओढला. इंजिनाचा आवाज चढला, पण गाडीचे ते आत-बाहेर करणे थांबले. दोन-तीन मैलांत काटा खाली आला, १९५, १९०, आणि तिथे बसला. चिरंजीव काही बोलले नाहीत. आरशातून सूनबाईंनी माझ्याकडे पाहिलेले मला दिसले. रस्त्याच्या कडेला एक भलीमोठी गाडी बॉनेट उघडून वाफा सोडत उभी होती. तिचा मालक कमरेवर हात ठेवून डोंगराकडे बघत होता. त्याच्याजवळ पंचा नव्हता.

डॉनर खिंडीजवळ विश्रांतीची जागा आहे, तिथे थांबलो. देवदार, ग्रॅनाइटचे खडक आणि जुलैतही बोचरा वारा. आमची ही थर्मास काढू लागली. मुले खडकांवर पळाली. चिरंजिवांनी बॉनेट उघडले, आणि बारा वाजताच्या लख्ख उन्हात बॅटरी माझ्या हातात दिली.

"बघा बरं, कुठे पाझरतंय का."

मी वाकून एकेक क्लॅम्प पाहिला. कोरडा. ट्यूबचे तुकडे जागच्या जागी. जाळीला एक फुलपाखरू चिकटले होते, ते मी बोटाने अलगद काढले.

"परतीला सबंध उतार लागेल," तो बॉनेटला टेकून म्हणाला. "मागून नऊशे किलो ढकलणार. ब्रेक तापतील. कसं करायचं?"

मी चष्मा पुसला. खंबाटकीच्या उतारावर ब्रेकला पाय न लावता निळी खाली कशी आणायची, याला थोडे सविस्तर सांगावे लागणार होते.

"अहो, गोळ्या घेतल्या का?" व्हॅनमधून आमच्या हिने ओरडून विचारले.

"घेतील ग आई," तो म्हणाला. "जरा थांब."